स्मिता पाटील : आरंभीची कारकीर्द आणि मान्यता

प्रास्ताविक

साहित्यकृती आणि चित्रपट यांच्या संबंधाचा अभ्यास करताना आपण बहुधा लेखक आणि दिग्दर्शक यांचा विचार करतो. कागदावरच्या व्यक्तिरेखेला देह आणि आवाज देणारा कलावंत मात्र दुर्लक्षित राहतो. या विभागात आपण स्मिता पाटील (१९५५-१९८६) यांच्या कारकिर्दीची पहिली काही वर्षे पाहणार आहोत. त्या निमित्ताने प्रसिद्धी आणि मान्यता या दोन संकल्पनांतील भेदही समजून घेऊ.

जडणघडण आणि पहिल्या भूमिका

स्मिता पाटील यांचा जन्म १७ ऑक्टोबर १९५५ रोजी पुण्यात झाला. वडील शिवाजीराव पाटील राजकारणात, तर आई विद्याताई समाजकार्यात होत्या. घरातील या वातावरणाला राष्ट्र सेवा दलाच्या संस्कारांची जोड मिळाली. मुंबई दूरदर्शनवर त्या मराठी बातम्या देत असत. वृत्तनिवेदिकेला हावभावांचा आधार फारसा घेता येत नाही. स्वच्छ उच्चार आणि स्थिर नजर यांवरच तिची भिस्त असते. संयत अभिनयासाठी ही उत्तम पूर्वतयारीच होती.

अरुण खोपकर यांच्या ‘तीव्र मध्यम’ (१९७४) या पदविका-चित्रपटात त्यांनी काम केले. श्याम बेनेगल यांनी त्यांना ‘चरणदास चोर’ आणि ‘निशांत’ (दोन्ही १९७५) या चित्रपटांत संधी दिली. ‘मंथन’मध्ये (१९७६) त्यांनी गुजरातमधील खेड्यातली बिंदू साकारली. दूध उत्पादक शेतकऱ्यांनी प्रत्येकी २ रुपये देऊन हा चित्रपट उभा केला होता. गोरा वर्ण आणि ठरावीक सौंदर्य हे नायिकेचे निकष मानले जाण्याच्या त्या काळात सावळ्या वर्णाची ही अभिनेत्री कष्टकरी स्त्री म्हणून पडद्यावर अस्सल वाटली.

१९७७ : दोन साहित्यकृती, दोन स्त्रिया

मराठीच्या अभ्यासकासाठी १९७७ हे वर्ष विशेष महत्त्वाचे आहे. गो. नी. दांडेकर यांच्या कादंबरीवर आधारित ‘जैत रे जैत’मध्ये जब्बार पटेल यांनी त्यांना ठाकर समाजातील चिंधीची भूमिका दिली. त्याच वर्षी बेनेगल यांचा ‘भूमिका’ प्रदर्शित झाला. त्याचा आधार होता हंसा वाडकर यांचे ‘सांगत्ये ऐका’ हे आत्मकथन.

हंसा वाडकर १९३६ साली ‘विजयाची लग्ने’मधून पडद्यावर आल्या, तेव्हा त्या जेमतेम तेरा वर्षांच्या होत्या. पुढे ‘संत सखू’, ‘लोकशाहीर रामजोशी’ आणि ‘सांगत्ये ऐका’ या चित्रपटांनी त्यांना अमाप लोकप्रियता दिली. परंतु मिळवती असूनही स्वतःच्या आयुष्याचे निर्णय स्वतःच्या हाती नसण्याची वेदना त्यांच्या आत्मकथनात पानोपानी जाणवते. ‘भूमिका’तील उषा पतीचे घर सोडते, अन्य पुरुषांचा आधार शोधते आणि अखेरीस एकटेपण पत्करते. तारुण्यापासून प्रौढत्वापर्यंतचा हा प्रवास पंचविशीही न गाठलेल्या अभिनेत्रीला पेलायचा होता. शिवाय, उषाने चित्रपटांत केलेला जुन्या वळणाचा अभिनय आणि तिचे खासगी जगणे या दोन पातळ्या वेगळ्या राखायच्या होत्या.

मान्यतेचा अर्थ

‘भूमिका’साठी स्मिता पाटील यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार मिळाला. ‘चक्र’साठी (१९८१) त्यांना तो पुन्हा लाभला आणि १९८५ साली त्यांना पद्मश्रीने गौरवण्यात आले. १३ डिसेंबर १९८६ रोजी, वयाच्या अवघ्या ३१व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

प्रसिद्धी म्हणजे लोकांनी ओळखणे. मान्यता म्हणजे कामाचे मोल जाणले जाणे. हंसा वाडकर यांना प्रसिद्धी विपुल मिळाली आणि त्यांचा अभिनयही वाखाणला गेला. पण त्या प्रसिद्धीची किंमत काय होती, हे त्यांना स्वतःच सांगावे लागले. ते सांगणे पुढच्या पिढीतील एका तरुण अभिनेत्रीने मन लावून ऐकले आणि पडद्यावर उभे केले. म्हणूनच स्मिता पाटील यांना मिळालेल्या मान्यतेत एका मराठी आत्मकथनाचाही वाटा आहे.

स्वयं-अध्ययनासाठी

१. वृत्तनिवेदनाचा अनुभव अभिनयाला कसा उपयुक्त ठरू शकतो, ते थोडक्यात लिहा.
२. ‘सांगत्ये ऐका’ वाचा व ‘भूमिका’ पाहा. आत्मकथनातील कोणता प्रसंग चित्रपटात बदलला आहे, तो शोधून बदलाचे कारण सांगा. नौपाडा परिसरातील विद्यार्थ्यांनी पुस्तकासाठी १८९३ साली स्थापन झालेल्या ठाण्याच्या मराठी ग्रंथ संग्रहालयात चौकशी करावी.