घासाघीस : कोठें आणि किती

पुण्याच्या मंडईंत मेथीच्या जुडीसाठीं दोन रुपयांची घासाघीस करणारें गिऱ्हाईक वाण्याच्या दुकानांत साबणाच्या वडीवरील छापील किंमत मुकाट्यानें देतें. वास्तविक ती किंमत म्हणजे ठरलेला भाव नव्हे. ती केवळ वरची मर्यादा होय. आवेष्टित वस्तूंच्या २०११ च्या नियमांप्रमाणें, सर्व कर धरून छापलेल्या त्या रकमेहून अधिक घेणें हा गुन्हा आहे. कमी घेण्यास मात्र कायद्याची आडकाठी नाहीं. महिन्याचा किराणा एकदम भरणाऱ्या गृहिणीनें तेथें सूट अवश्य मागावी.

भाजीची गोष्ट निराळी. सकाळीं टवटवीत असलेली जुडी सायंकाळीं मान टाकते. तिचा भाव दिवसभर उतरत जातो आणि तो विचारल्यावांचून कळत नाहीं. विचारण्यांत म्हणूनच कमीपणा नाहीं. परंतु पहांटे घाऊक बाजारांतून माल आणणाऱ्या विक्रेत्याला हमाली, गाडीभाडें आणि सडलेल्या पानांची तूट ह्याच भावांतून भरून काढावी लागते. दिवसाची पहिली विक्री, म्हणजे भवानी, हातची जाऊं नये म्हणून तो पडत्या भावानेंही माल देतो. त्या वेळीं आणखी ताणून धरणें शोभत नाहीं. शिवाय वजनावर घेतलेल्या भाजींत, भावांत सोडलेलें कित्येकदां मापांत वसूल होतें! यास्तव शेवटच्या रुपयापेक्षां तराजूच्या कांट्याकडे आणि जुडीच्या आंतल्या पानांकडे लक्ष द्यावें. नेहमींच्या गाळ्यावर तर कोथिंबिरीच्या चार काड्या न मागतांही पिशवींत पडतात.