कॅमेरा आणि इंद्रायणी

छायाचित्रण हा एकेकाळी श्रीमंतांचा छंद होता. आज आमच्या मोशीच्या चौकात चहा पिणाऱ्या चौघांपैकी चौघांच्या खिशात कॅमेरा असतो. म्हणूनच या कलेत सध्या कोणते वारे वाहत आहेत, हे आपणा सर्वांना ठाऊक असावे. मला त्याची गरज कशी पटली, ते आधी सांगतो.

२०२४ च्या जानेवारीत मी आळंदीला गेलो होतो. मोशीवरून पुढे गेलेली इंद्रायणी तेथे पांढऱ्या फेसाने झाकली गेली होती. घरांचे सांडपाणी आणि कारखान्यांतील रसायने नदीत मिसळली, की बंधाऱ्यावरून पडताना पाणी असे फेसाळते. नाकाला रुमाल लावूनच मी मोबाईलवर फोटो घेतला. घरी आजीला दाखवला, तर ती कौतुकाने म्हणाली, "अगं बाई, केवढा बर्फ! काश्मीर का रे हे?" मी ओशाळलो.

असे का झाले? बटण एकदा दाबले, तरी मोबाईल लागोपाठ अनेक फोटो टिपतो आणि त्यांचे एकच चित्र जुळवतो. उजळ आभाळ फिकट पडू देत नाही, काळोखी जागा उजळवतो, रंगही खुलवतो. या तंत्राला एचडीआर म्हणतात. कल्पना जुनीच आहे. गुस्ताव्ह ल ग्रे या फ्रेंच छायाचित्रकाराने १८५० च्या दशकात समुद्राची एक आणि आभाळाची दुसरी अशा दोन काचा जोडून चित्रे छापली होती. फरक इतकाच, की तेथे निवड माणसाची होती. येथे यंत्र परस्पर ठरवते.

दुसरी आवड 'पोर्ट्रेट मोड'ची. मोठ्या कॅमेऱ्यात भिंगाचे छिद्र रुंद उघडले, की चेहरा स्पष्ट राहून मागचे धूसर होते. मोबाईलचे भिंग इवलेसे. त्यामुळे तो अंतराचा अंदाज बांधून पार्श्वभूमी हिशेबाने पुसट करतो. केसांच्या कडा कधी कधी विस्कटतात त्या यामुळेच. नागेश्वर महाराजांच्या देवळापुढे मी मित्राचा असा फोटो काढला. मित्र झकास आला, पण देऊळ ओळखू येईना!

तिसरा प्रकार दीर्घ प्रकाशनाचा. कॅमेरा तिकाटण्यावर घट्ट बसवून शटर काही सेकंद उघडे ठेवायचे. रात्री पुणे-नाशिक रस्त्यावरील वाहने अदृश्य होतात आणि दिव्यांच्या लाल-पांढऱ्या रेघा उरतात. हेच तंत्र फेसावर वापरले, तर तो ढगासारखा मऊ दिसेल. ड्रोनचेही तसेच. वरून पालखीचा सोहळा नक्षीसारखा दिसतो, पण वारकऱ्याचा चेहरा दिसत नाही. शिवाय ड्रोन वाटेल तेथे उडवता येत नाही. २०२१ च्या नियमांनी आकाशाचे हिरवे, पिवळे व लाल विभाग पाडले आहेत.

सर्वांत नवे वारे कृत्रिम बुद्धिमत्तेचे. आता कॅमेऱ्यावाचूनही 'फोटो' तयार होतो. २०२३ साली बोरिस एल्डागसेन या जर्मन कलावंताच्या अशा चित्राला सोनी जागतिक छायाचित्रण स्पर्धेत पारितोषिक मिळाले आणि त्याने स्वतःच ते नाकारले. हे छायाचित्रच नव्हे, असे त्याचे म्हणणे होते.

याचा अर्थ नवी तंत्रे वाईट, असा नव्हे. रेघांचा फोटो काढणारा रस्ता फसवा दाखवत नाही. तो गती दाखवतो. पण आपल्याला काय दाखवायचे आहे, हे बटण दाबण्यापूर्वी आपण ठरवले नाही, तर यंत्र ठरवते आणि यंत्राला सारेच सुंदर हवे असते.

चार दिवसांनी मी पुन्हा आळंदीला गेलो. मोबाईल तोच होता. या वेळी एचडीआर बंद केले, पडद्यावर बोट ठेवून उजेड थोडा उतरवला आणि घाटाच्या खालच्या पायरीवर बसलो. एक वृद्ध वारकरी हाताने फेस बाजूला सारून ओंजळीत पाणी घेत होते. त्यांची परवानगी घेऊन केवळ त्या ओंजळीचा फोटो काढला. बोटांमधला फेस आणि खालचे काळपट पाणी दोन्ही त्यात आले.

आजीने तो फोटो बराच वेळ हातात धरला. मग हळूच विचारले, "आपली इंद्रायणी ना रे ही?"

फोटो चांगला आला होता.