पाझराचा रंग

गेली वीसेक वर्षं कुठल्याही गावी गेलो की माझी पावलं तिथल्या तलावाच्या बांधाकडे वळतात. बाकीची मंडळी पाण्याच्या बाजूला उभी राहून फोटो काढतात. मी पलीकडच्या उतारावरून, गवत तुडवत पायथ्याशी उतरतो. मातीच्या बांधाची तब्येत पोटाकडून कळत नाही, पाठीकडून कळते.

हे मला शिकवलं नगर जिल्ह्यातल्या एका पाझर तलावावरच्या म्हाताऱ्या राखणदाराने. १९७२च्या दुष्काळात याच बांधावर त्यांनी मातीच्या पाट्या वाहिल्या होत्या. मी गेलो तेव्हा पायथ्याच्या दगडांमधून करंगळीएवढी धार वाहत होती. मी घाबरून म्हणालो, ‘‘आबा, बांध गळतोय!’’ ते शांतपणे खाली बसले, ओंजळ भरून उन्हात धरली आणि म्हणाले, ‘‘गळू दे की. मातीचा बांध म्हनल्यावर गळनारच. पानी कसं हाय ते बग आधी. नितळ हाय ना? ज्या दिशी चहावानी दिसंल, त्या दिशी गावात सांगत सुटायचं.’’

पुढे मृदायांत्रिकीची पुस्तकं वाचली, तेव्हा आबांचं हेच म्हणणं त्यांत सूत्रं आणि आलेखांसह सापडलं. मातीचं धरण गळतंच. काळ्या मातीचा गाभा कितीही दाबून बसवला तरी कणांमधून पाणी वाट काढतं. पाणी आलं, यात धोका नाही. पाण्याबरोबर माती आली, तर धोका आहे.

कारण माती पहिल्यांदा सुटते ती पाणी बाहेर पडतं तिथे, पायथ्याशी. एक कण गेला की मागच्या कणाचा आधार जातो. तो गेला की त्याच्या मागचा. अशी पोकळी बाहेरून आत, पाण्याच्या दिशेने सरकत जाते. जितकी ती आत जाईल तितकी पाण्याची वाट आखूड होते, वेग वाढतो आणि पोखरणं आणखी जोरात होतं. अभियंते याला ‘पायपिंग’ म्हणतात. वरून बांध जसाच्या तसा दिसतो, हिरवागार. आत मात्र नळी तयार होत असते.

ही नळी पूर्ण व्हायला किती वेळ लागतो? अमेरिकेतल्या आयडाहो राज्यातलं टेटन धरण ९३ मीटर उंच, आपल्या गावतलावांच्या तुलनेत राक्षसी, पण तेही मातीचंच. पहिल्यांदाच भरत असताना १९७६च्या जूनमध्ये त्याच्या परिसरात पाझर दिसले, ते नितळ होते. ५ जूनच्या सकाळी मात्र गढूळ पाणी येऊ लागलं. भोक बुजवायला दोन बुलडोझर पाठवले, ते भोकातच गेले. दुपारी बाराच्या सुमारास माथा कोसळला. गढूळ पाणी दिसल्यापासून जेमतेम पाच तास. ११ माणसं गेली. छोट्या बांधाला याहून कमी वेळ पुरतो.

आता माझ्या सर्वांत आवडत्या विषयाकडे येतो, तो म्हणजे गाळणी. जुन्या घरांत एकावर एक मडकी ठेवून वाळू-कोळशातून पाणी गाळत असत, ते ज्यांनी पाहिलं आहे त्यांना हे लगेच समजेल. पाझर अडवायचा नाही. त्याला वाट द्यायची आणि वाटेत रेतीचा थर ठेवायचा. पाणी जाईल, माती अडेल. ऐकायला सोपं, पण रेती कोणती? फार जाड असली तर मातीचे कण तिच्या फटींतून निसटतात. फार बारीक असली तर पाणी तुंबतं आणि बांधाच्या पोटात दाब साठतो. हे कोडं सोडवलं प्रागमध्ये १८८३ साली जन्मलेल्या कार्ल टेर्झागी यांनी. आधुनिक मृदायांत्रिकीचे ते जनक. त्यांच्या नियमाचं मर्म असं, की गाळणीतले बारीक कण हे संरक्षण द्यायच्या मातीतल्या जाड कणांच्या चार-पाच पटींहून मोठे नकोत. मातीचे जाड कण आधी अडकतात, त्यांच्या फटींत मधले, मधल्यांच्या फटींत बारीक. म्हणजे बांधाची माती स्वतःच स्वतःला गाळू लागते. मला यापेक्षा सुंदर कल्पना अभियांत्रिकीत दुसरी दिसलेली नाही. कॅनडातलं एक धरण आज टेर्झागींच्या नावाने ओळखलं जातं.

याच तत्त्वावर आणीबाणीचा उपाय उभा आहे, आणि गावोगाव नेमकी इथेच चूक होते. पायथ्याशी पाणी उकळी फुटल्यासारखं वर येऊ लागलं, भोवती रेतीचं छोटं वारूळ जमू लागलं, की लोक धावत जाऊन चिकणमाती, सिमेंट, प्लॅस्टिक कोंबतात. असं तोंड दाबलं की पाणी शेजारून फुटतं. तिथे भरलेल्या गोण्यांचं कडं करावं, आत आधी रेती, वर बारीक खडी, त्यावर जाड खडी पसरावी. पाणी वाहू द्यावं, माती थोपवावी आणि तलावाची पातळी लवकरात लवकर उतरवावी. बुजवायचं असेल तर पाण्याच्या बाजूने.

२ जुलै २०१९च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं. पायथ्याची भेंदवाडी वाहून गेली, वीसहून अधिक जीव गेले. धरण गळतंय ही तक्रार गावकऱ्यांनी आधीच केली होती. नंतर दोष खेकड्यांवर ढकलला गेला आणि महाराष्ट्रभर संताप उसळला. तो रास्तच होता. खेकडा बीळ करतो हे खरं, पण इतक्या रुंद भरावाच्या आरपार जायचं त्याचं काम नव्हे. बीळ पाण्याची वाट थोडी आखूड करतं, एवढंच. खेकडे, घुशी, साळिंदर बांधावर येणारच, हे धरून बांध बांधायचा असतो आणि बिळं दरवर्षी बुजवायची असतात. झाडांचंही तसंच. बांधावरची बाभूळ सावली देते, पण ती मेली की कुजलेल्या मुळांच्या जागी पोकळ्या उरतात.

दुसरी नाजूक जागा म्हणजे माती आणि बांधकाम जिथे भेटतात तो सांधा. पाणी सोडायची मोरी बांधाच्या पोटातून जाते, तिच्या कडेने माती नीट दाबली जात नाही. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटलं, तेव्हाही मोरीचं काम अपुरं होतं आणि तिच्या वरचा भराव खचला होता. म्हणून पायथ्याशी गेलो की मी मोरीचं तोंड आधी पाहतो.

बाकीची माहिती थोडक्यात. मातीच्या धरणांचा दुसरा मोठा शत्रू म्हणजे माथ्यावरून वाहणारं पाणी. त्यासाठी सांडवा, म्हणजे जादा पाणी बाहेर जायची वाट, मोकळा हवा. जास्त पाणी साठावं म्हणून सांडव्यावर पोती रचली, की पुराचा लोंढा पोटात घ्यायला राखलेली जागाच आपण खाऊन टाकतो. राज्यात असे असंख्य छोटे तलाव आहेत. १९७२ नंतर रोजगार हमीतून बरेच झाले. १०० हेक्टरपर्यंतच्या सिंचनाचे तलाव जिल्हा परिषदेकडे असतात.

२०२१च्या धरण सुरक्षा कायद्याने पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर तपासणी बंधनकारक केली. कायदा चांगला आहे. पण तो १५ मीटरहून उंच धरणांना, आणि काही अटींत बसणाऱ्या १० ते १५ मीटरच्या धरणांना लागू होतो. बहुतेक पाझर तलावांचे बांध त्याहून ठेंगणे. त्यांच्याकडे रोज पाहणारा डोळा गावाचाच असायला हवा, असं माझं ठाम मत आहे. पूर्वी राखणदार असत. आबा गेल्यावर त्यांच्या जागी कुणी आलं नाही.

तीन वर्षांपूर्वी एका तलावावर मला धार नितळच वाटली. तरी सवयीने काचेच्या बाटलीत पाणी भरून आणलं आणि रात्रभर खिडकीत ठेवलं. सकाळी बाटलीच्या तळाशी नखाच्या जाडीएवढा पिवळसर थर होता. डोळ्यांना न दिसलेली माती बाटलीने दाखवली. कचेरीत ती बाटली टेबलावर ठेवली, तर लेखी अर्ज आणा असं उत्तर मिळालं. अर्ज दिला. पण त्याच्या उत्तराची वाट न पाहता गावातल्या पोरांनी एका निवृत्त अभियंत्याच्या देखरेखीखाली दोन ट्रॉल्या रेती-खडी आणून पायथ्याला गाळणी घातली. आठवड्याने पुन्हा बाटली भरली. तळ स्वच्छ होता. धार मात्र तेवढीच होती, आणि ती तशीच असायला हवी होती.

दिवाळीत गावी जाल तेव्हा तलाव तुडुंब असतील, म्हणजे बांधावर पाण्याचा दाबही सर्वांत जास्त असेल. बांधाच्या पाठीकडून खाली उतरा. जाताना एक काचेची बाटली घेऊन जा, आणि भरून आणलीत की सकाळपर्यंत हलवू नका.