कोंडवाड्यातून ओसरीपर्यंत

पहिल्या रात्री तो बहुधा काहीच करत नाही. बाथरूमच्या कोपऱ्यात भिंतीला पाठ लावून बसतो, समोरच्या दहीभाताकडे बघतही नाही. घरातले दिवे मालवले, माणसांची बोलणी थांबली, की अंधारात लपलप पाणी प्यायल्याचा आवाज येतो. शेल्टरमधला कुत्रा काही आठवड्यांसाठी घरी आणून सांभाळणाऱ्या, म्हणजे ‘फॉस्टर’ करणाऱ्या अनेकांच्या हा आवाज ओळखीचा आहे.

आधी तो कुठे राहत होता, हे त्याचं अंगच सांगतं. लघवीने ओल्या फरशीवर झोपून पिवळे पडलेले पोटाचे केस, चालणंच न झाल्याने वाढून वळलेली नखं, कोपरांवरचे घट्टे, कानात गोचिडांचे घोस, लूत लागून उघडी पडलेली कातडी. निवारा म्हणून उभारलेल्या जागेचा कोंडवाडा झाल्याच्या या खुणा.

दरवेळी त्यामागे क्रौर्यच असतं असं नाही. पुष्कळदा हिशेब चुकलेला असतो. अमेरिकेतल्या शेल्टरसाठी एक ढोबळ माप वापरलं जातं: दर प्राण्यामागे रोज किमान 15 मिनिटं, त्यातली 9 साफसफाईची आणि 6 खाण्यापिण्याची. म्हणजे 100 कुत्र्यांना रोजचे 25 तास. आठ तासांची पाळी करणारी तीन माणसं एवढ्यातच संपली. औषधपाणी, फिरवणं, जखमा धुणं अजून बाकीच. अशा ठिकाणी दोनच माणसं असतील आणि गेटवर रोज नवी कुत्री उतरत असतील, तर पहिल्यांदा पाण्याच्या भांड्यांना शेवाळ चढतं. मग नव्याने आलेल्याला वेगळं ठेवणं बंद होतं. त्यानंतर पार्वो या विषाणूजन्य आजाराची साथ यायला एक आजारी पिल्लू पुरतं.

महाराष्ट्रातही हा प्रश्न आता थोड्या प्राणिप्रेमींपुरता राहिलेला नाही. नोव्हेंबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शाळा, रुग्णालयं, क्रीडासंकुलं, बसस्थानकं आणि रेल्वे स्थानकांच्या आवारातली भटकी कुत्री हलवून शेल्टरमध्ये ठेवण्याचे आणि पुन्हा त्याच जागी न सोडण्याचे आदेश दिले. 2019च्या पशुगणनेनुसार देशात दीड कोटीहून अधिक भटकी कुत्री आहेत. त्यातली थोडी जरी आत गेली, तरी आतली व्यवस्था कशी आहे हे पाहणं भाग आहे.

पिंजऱ्यातून काही दिवस बाहेर काढल्याने खरंच काय साधतं? अ‍ॅरिझोना स्टेट विद्यापीठातल्या लिसा गंटर आणि क्लाइव्ह विन यांनी सहकाऱ्यांसह 2019 मध्ये यावर अभ्यास प्रसिद्ध केला. अमेरिकेतल्या पाच शेल्टरमधली 207 कुत्री एक-दोन रात्रींसाठी लोकांच्या घरी पाठवली गेली. आधी, घरी असताना आणि परतल्यावर त्यांच्या लघवीतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाशी निगडित संप्रेरक, मोजलं गेलं. घरी असताना ते उतरलं, आणि कुत्री सर्वांत जास्त वेळ सलग विसावली तीही तिथेच. शेल्टरमध्ये परतल्यावर कॉर्टिसॉल पुन्हा पूर्वीच्या पातळीला गेलं. एका रात्रीची झोप ही मोठीच गोष्ट आहे, पण कुत्र्याला परत त्याच फरशीवर जायचं असेल तर ती तेवढीच राहते. म्हणून फॉस्टर करताना पुढचं कायमचं घरही शोधत राहावं लागतं.

अशा ठिकाणाहून कुत्रा काढताना भिंतीवरून उचलून आणण्याचा मोह होतो. तो टाळलेला बरा. त्यात चोरीचा गुन्हा अंगावर येऊ शकतो, आणि कुत्र्याची कागदावरची ओळखही पुसली जाते. लेखी ताबा घ्यावा: तारीख, फोटो, झालेल्या लसी, नसबंदीची नोंद, औषधांचा खर्च कोण करणार आणि मुदत किती, सगळं त्यात यावं.

घरी आणल्यावर पहिले दोन आठवडे तो वेगळ्या खोलीत हवा, घरात दुसरा कुत्रा असेल तर नक्कीच. पार्वोची लागण झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत काही दिवस, कधी दोन आठवडेही जातात, आणि त्याचा विषाणू जमिनीवर महिनोन्‌महिने टिकतो. साबणाने तो मरत नाही. आधी फरशी स्वच्छ धुवावी, मग एक भाग ब्लीचमध्ये साधारण तीस भाग पाणी घालून ते दहा मिनिटं राहू द्यावं.

दुसरी चूक मायेपोटी होते. हाडं दिसणाऱ्या कुत्र्यापुढे भरलेली थाळी ठेवावीशी वाटते. बराच काळ उपाशी राहिलेल्या शरीरात एकदम अन्न गेलं, तर रक्तातलं फॉस्फरस आणि पोटॅशियम घसरतं आणि जीवावर बेतू शकतं. आधी डॉक्टर, मग दिवसातून चार-पाच वेळा थोडं थोडं. जेवणात कांदा-लसूण नको, शिजवलेली हाडं नकोत. हिरड्या पांढुरक्या दिसल्या किंवा नाकातून रक्त आलं, तर गोचीडतापासाठी रक्त तपासून घ्यावं.

स्वभाव उलगडायला मात्र घाई चालत नाही. अनुभवी लोक तीनाचा ठोकताळा सांगतात: तीन दिवस भीती ओसरायला, तीन आठवडे घराची लय कळायला, तीन महिने आपलं वाटायला. तोवर पाहुणे नकोत, डोक्यावरून हात नको, आणि बाहेर नेताना दोन पट्टे हवेत. घाबरलेला कुत्रा एका झटक्यात पट्ट्यातून निसटतो.

एक कुत्रा घरी आला, तरी मागे राहिलेल्यांचं काय, हा प्रश्न फॉस्टरला छळतो. तक्रार केली तर पुढचा कुत्रा मिळणार नाही, ही भीती खोटी नसते. पण गप्प राहिलं तर रिकामा पिंजरा लगेच भरतो. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा 1960चा आहे. पुरेसं अन्नपाणी न देणं, अपुऱ्या पिंजऱ्यात कोंडणं हे त्याच्या कलम 11 नुसार गुन्हे आहेत, पण पहिल्या गुन्ह्याला दंड फक्त 10 ते 50 रुपये. एवढ्या दंडाने कोणाला धाक बसत नाही. उपयोग होतो तो नोंदींचा. किती कुत्री आली, किती गेली, किती मेली, हे तीन आकडे लेखी मागावेत. तारखेसह फोटो आणि डॉक्टरांचा अहवाल जोडून महापालिकेचा पशुवैद्यकीय विभाग, जिल्ह्याची प्राणी क्रूरता प्रतिबंधक संस्था आणि भारतीय जीवजंतू कल्याण मंडळ या तिघांकडे अर्ज द्यावा. नसबंदी केंद्र असेल, तर 2023च्या नियमांनी त्याला नोंदवह्या बंधनकारक केल्या आहेत.

मग कधीतरी कायमच्या घरचा फोन येतो. निरोपाच्या दिवशी लसीकरणाचं पुस्तक, औषधांची यादी आणि न धुतलेली गोधडी सोबत दिली जाते. नव्या घरात पहिल्या रात्री ओळखीचा एक वास तरी असावा म्हणून. काही जण त्या दिवशी त्याला सोडू शकत नाहीत आणि तो त्यांचाच होतो. बाकीचे घरी येतात, वाटी घासतात, बाथरूमच्या फरशीवर ब्लीचचं पाणी ओततात आणि दहा मिनिटं थांबतात.