बांधावरचे खत: गिरिपुष्प

रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, पण जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. उतारावरची जांभ्याची पातळ माती ते पाणी धरून ठेवत नाही. म्हणून इथल्या वरकस जमिनीवर लावायचे झाड पावसात टिकते का, यापेक्षा पुढचे आठ महिने पाण्यावाचून तगते का, हे आधी पाहावे लागते. गिरिपुष्प या कसोटीला उतरते आणि भातालाही उपयोगी पडते.

ओळख

गिरिपुष्प म्हणजेच ग्लिरिसिडिया किंवा उंदीरमारी. शास्त्रीय नाव ग्लिरिसिडिया सेपियम. ही शेंगवर्गातील वनस्पती मूळची मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतली. वाढू दिले तर दहा मीटरपर्यंत जाणारे झाड होते. दरवर्षी छाटले तर झुडूपच राहते. साल आणि बिया उंदरांना विषारी असतात.

कोरडे महिने कसे काढते?

थंडी सरता सरता गिरिपुष्प पाने गाळते, त्यामुळे पानांवाटे उडून जाणारे पाणी वाचते. निष्पर्ण फांद्यांवर फिकट गुलाबी फुलांचे घोस येतात आणि मधमाश्यांची वर्दळ सुरू होते. पुढे नवी पालवी फुटते आणि लावणीच्या सुमारास झुडूप पाल्याने भरलेले असते. म्हणजे शेताला गरज असते तेव्हाच खत तयार असते.

भाताला काय मिळते?

मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र झाडाला मिळवून देतात. वाळलेल्या पाल्यात साधारण तीन टक्के नत्र असतो. डॉ. एन. के. सावंत यांनी मांडलेल्या चारसूत्री भातशेतीत गिरिपुष्पाचा पाला हे एक सूत्रच आहे: गुंठ्याला सुमारे ३० किलो, म्हणजे हेक्टरी तीन टन हिरवा पाला. ढोबळ हिशेबाने त्यातून हेक्टरी २० किलोच्या आसपास नत्र मिळतो.

लावणीच्या आठवडाभर आधी फांद्या तोडून शेतात पसराव्यात. दोन-तीन दिवसांत पाने गळतात. काड्या सरपणाला न्याव्यात आणि पाला चिखलणीत गाडावा. पाने कोवळी असल्याने लवकर कुजतात. रोपवाटिकेच्या जागेवर कवळ, म्हणजे झाडांच्या तोडलेल्या फांद्या-पाला, जाळून राब भाजताना त्यातला बराचसा नत्र धुराबरोबर निघून जातो. गाडलेल्या पाल्यातला मातीत राहतो. बांधावर पाला मिळू लागला की कवळासाठी ऐन, किंजळाच्या फांद्या ओरबाडण्याची गरजही कमी होते.

लागवड आणि छाटणी

पहिल्या पावसात अंगठ्याहून जाड, मीटरभर लांबीच्या फांद्या बांधावर किंवा गडग्याच्या कडेने अर्धा ते एक मीटर अंतरावर रोवाव्यात. कुंपणासाठी ही पद्धत सोपी. मात्र फांदीपासून झालेल्या झाडाची मुळे वरवर पसरतात. बियांच्या रोपाला सोटमूळ असते. म्हणून कोरड्या, उताराच्या जागी बियांपासून केलेली रोपे लावलेली बरी. बियांवर कोणतीही प्रक्रिया करावी लागत नाही.

मुळे धरल्यावर, साधारण दुसऱ्या वर्षापासून, जमिनीपासून मीटरभर उंची ठेवून छाटणी करावी. छाटणी चुकली तर झाड उंच जाते आणि त्याची सावली भातावर पडते.

ही काळजी घ्या

शेळ्या पाला खातात. गुरे वासामुळे सुरुवातीला तोंड लावत नाहीत. त्यांना थोडा सुकवून, दुसऱ्या चाऱ्यात मिसळून द्यावा. घोड्यांना मात्र देऊ नये.

हे झाड बाहेरून आलेले आहे, हेही विसरू नये. जिल्ह्यातल्या कातळसड्यांवर पावसाळ्यात उगवणाऱ्या कितीतरी वनस्पती फक्त पश्चिम घाट आणि कोकणातच आढळतात. सडा ओसाड दिसतो म्हणून तिथे गिरिपुष्प लावू नये. त्याची जागा शेताचा बांध आणि कुंपण. येत्या जूनमध्ये निदान एका बांधावर गिरिपुष्प लावा आणि पुढच्या वर्षांत विकतच्या खताचा खर्च ताडून पाहा.