फायरवॉलची खूण आणि जाळ्यातील वाहतुकीचे वर्गीकरण

एखाद्या विभागाची बाह्य जोडणी सेकंदास १०० मेगाबिट क्षमतेची आहे, असे समजू. तिच्यावरून दूरस्थ मौखिक परीक्षा चालू असतानाच कोणी मोठा विदासंच बाहेर पाठवीत आहे. दोहोंची रांग एकच असेल, तर परीक्षकाचा आवाज तुटू लागतो. विदासंचास मात्र थोडा विलंब झाल्याने काही बिघडत नाही. सबब कोणते पॅकेट कोणत्या वर्गाचे, हे आधी ठरविणे प्राप्त होते.

लिनक्स प्रणालीत हा निर्णय व त्याची अंमलबजावणी ही कामे निराळी ठेवता येतात. आयपीटेबल्सच्या मँगल तक्त्यातील नियम पॅकेटाचा पत्ता वा पोर्ट पाहून त्यास खुणेचा अंक देतात. उदाहरणार्थ, ध्वनीस १ व विदासंचास २. पुढे बाहेर जाणाऱ्या रांगेपाशी टीसी ही व्यवस्था केवळ तो अंक वाचते आणि एचटीबी पद्धतीने ध्वनीस २० व विदासंचास ७५ मेगाबिटांची हमी देते. एकाचा न वापरलेला वाटा दुसऱ्यास उसना मिळतो. एकूण मर्यादा ९५ ठेवण्याचे कारण असे की, रांग पुढील यंत्रात न साचता आपल्याच यंत्रात साचावी. तरच तिच्यावर आपले नियंत्रण राहते.

ही खूण पॅकेटावर लिहिलेली नसते, हे ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. कर्नलने पॅकेटासंबंधी स्मृतीत ठेवलेल्या नोंदीतील तो ३२ बिटांचा शेरा होय. पॅकेट यंत्राबाहेर पडताच तो लोपतो. पुढील राउटरास वर्ग कळवावयाचा असल्यास आयपी शीर्षकातील ६ बिटांचा डीएससीपी संकेत लिहावा लागतो. १९९८ साली निश्चित झालेला हा संकेत मानणे न मानणे मात्र पुढील जाळ्याच्या चालकावर अवलंबून असते.

खूण एकेका पॅकेटापुरती असल्याने प्रत्येक पॅकेटाची नव्याने तपासणी करावी लागेल, अशी शंका येईल. तिचे निरसन कॉनमार्क या योजनेने होते. संभाषणाच्या पहिल्या पॅकेटाची खूण जोडणीच्या नोंदीत जतन करून पुढील पॅकेटांस तीच परत देता येते. आत येणाऱ्या वाहतुकीस मात्र एक अडचण आहे: टीसीचा प्रवेशटप्पा फायरवॉलच्या आधी लागत असल्याने तेथे मँगल तक्त्यातील खूण अद्याप उमटलेलीच नसते.

आज बहुतेक वेबवाहतूक सांकेतिक रूपात ४४३ क्रमांकाच्या पोर्टावरून जाते. अशा वेळी केवळ पोर्ट पाहून दिलेली खूण परीक्षा व विदासंच यांना एकाच वर्गात बसवील. खूण निर्णय इमानाने वाहून नेते. निर्णयाची शहानिशा ती करीत नाही. तेव्हा वर्गीकरणाचा खरा विचार खुणेच्या अलीकडे, नियम लिहितानाच व्हावयास हवा.