पोरीच्या इंजिनिअरिंगसाठी होडीचं इंजिन विकायचं का?

१ जूनपासून दर्या बंद आहे. होड्या वर काढल्यात, जाळी दुरुस्त करणं चालू आहे. या दिवसांत ऑफिसात दोनच कामांसाठी गर्दी असते, एक अनुदानाच्या कागदांसाठी आणि दुसरी पोरांच्या ॲडमिशनसाठी.

गेल्या आठवड्यात आपले एक जुने सभासद आले. बसायच्या आधीच म्हणाले, "सचिवबाब, आउटबोर्ड इंजिन विकायचं आहे. कोण गिऱ्हाईक असेल तर सांगा." दोन वर्षांपूर्वी घेतलेलं इंजिन! विचारलं तर कळलं, मुलगी बारावी सायन्स चांगल्या मार्कांनी पास झाली आणि तिला पर्यावरण इंजिनिअरिंग करायचं आहे. शेजारच्या राज्यातलं एक खाजगी कॉलेज फी आणि हॉस्टेल मिळून वर्षाला दीड लाख सांगतंय. चार वर्षांचे सहा लाख.

दुसऱ्या दिवशी मुलगीही आली. तिला आम्ही विचारलं, हाच कोर्स का? ती म्हणाली, "काका, लहानपणी आईबरोबर तिसऱ्या काढायला जायचे तेव्हा तासाभरात टोपली भरायची. आता चिखलाला वास येतो. पाण्यात काय सोडतात ते मोजणारं माणूस आपल्यातलं का नको?" यावर आमच्याकडे उत्तर नव्हतं. पण तिच्या बापाने इंजिन विकलं तर १ ऑगस्टला तो जाणार कशावर, यालाही उत्तर नव्हतं. म्हणून आठवडाभर फोन केले, चौकशी केली. सगळ्यांच्या उपयोगाचं आहे, म्हणून इथे लिहितो.

हा इंजिनिअर करतो काय?
झाडं लावणं हे त्याचं काम नव्हे. गटाराचं पाणी शुद्ध करणारा प्लांट म्हणजे एसटीपी, कारखान्याचं सांडपाणी शुद्ध करणारा ईटीपी, कचरा प्रकल्प, चिमणीचा धूर, नवीन प्रकल्प आला की त्याचा पर्यावरण परिणाम अहवाल, ही त्याची कामं. त्याला काम मिळतं ते कायद्यामुळे. १९७४ चा पाणी कायदा आणि १९८१ चा हवा कायदा सांगतो की कारखान्याला प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती लागते. १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा आहे, २००६ ची पर्यावरण परिणाम अधिसूचना आहे आणि आपल्या रोजच्या ओळखीचा सीआरझेड आहे. या सगळ्यांसाठी मोजणारी, प्लांट चालवणारी, अहवाल लिहिणारी माणसं लागतात. म्हणजे काम आहे, आणि ते संपणारं नाही.

मग अडचण कुठे?
अडचण अशी की ही कामं फक्त पर्यावरण इंजिनिअरलाच मिळतात असं नाही. प्रदूषण मंडळांच्या जाहिराती काढून बघा, सिव्हिल आणि केमिकलवालेही त्यात चालतात. उलट पीडब्ल्यूडी किंवा पाणीपुरवठ्याची सिव्हिलची जागा निघाली तर पर्यावरणाची डिग्री चालेलच असं नाही. केंद्राच्या इंजिनिअरिंग सर्व्हिस परीक्षेत पर्यावरण ही वेगळी शाखाच नाही, तो विषय सिव्हिलच्या अभ्यासक्रमात येतो. थोडक्यात, सिव्हिलवाला या दारातून आत येऊ शकतो, पण पर्यावरणवाल्याला सिव्हिलची सगळी दारं उघडी नसतात.

पगाराचंही खरं ते सांगतो. आपल्याच एका सभासदाचा मुलगा एसटीपी चालवणाऱ्या ठेकेदाराकडे लागला, सुरुवात महिना १८ हजार आणि रात्रपाळी. सरकारी नोकरी लागली तर गोष्ट वेगळी. केंद्रात ज्युनियर इंजिनिअरचा मूळ पगारच ३५,४०० पासून सुरू होतो. पण तिथे जागा थोड्या आणि परीक्षा कठीण.

आता हिशेब
सहा लाखांचं कर्ज, दर वर्षी दीड लाख उचल, व्याज १० टक्के धरू. शिकण्याची चार वर्षं आणि वर एक वर्ष हप्ता नसतो, पण व्याज चढत असतं. सरळ व्याजाने ते २ लाख १० हजार होतं. म्हणजे हप्ता सुरू होताना डोक्यावर ८ लाख १० हजार. दहा वर्षांत फेडायचे तर महिन्याला साधारण १०,७०० रुपये. पगार १८ हजार असेल तर हातात उरले ७,३००. त्यात खोलीभाडं आणि जेवण भागवायचं. डिग्री वाईट नाही, पण या भावाला ती परवडत नाही.

मग रस्ता कोणता?
एक. आधी सरकारी कॉलेजात सिव्हिल. आपल्याकडे फर्मागुडीचं सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज आहे, कुंकळ्ळीला एनआयटी आहे. एनआयटीची शिकवणी फी वर्षाला सव्वा लाख, पण कुटुंबाचं उत्पन्न पाच लाखांच्या आत असेल तर त्यातली दोन तृतीयांश माफ होते आणि एक लाखाच्या आत असेल तर पूर्ण माफ. म्हणून उत्पन्नाचा दाखला आताच काढून ठेवा.

दोन. नंतर गेट परीक्षा देऊन पर्यावरण विषयात एमटेक. २०२१ पासून गेटला पर्यावरण विज्ञान व अभियांत्रिकीचा वेगळा पेपरही आहे. गेटमधून प्रवेश मिळाला की विद्यावृत्ती मिळू शकते, महिना १२,४०० रुपये. मुंबई आयआयटी, नागपूरचं व्हीएनआयटी इथे हा विषय आहे. म्हणजे तीच विद्या, पण शिकताना पैसे आपल्याला मिळतात.

तीन. चार वर्षांची पर्यावरणाचीच डिग्री हवी असेल तर नावाजलेल्या सरकारी संस्थेत मिळाली तरच घ्या. धनबादची आयआयटी, दिल्ली टेक्नॉलॉजिकल युनिव्हर्सिटी, अहमदाबादचं एल. डी. कॉलेज इथे ती आहे.

ज्यांची मुलं आता दहावीला आहेत त्यांनी पॉलिटेक्निकचा सिव्हिल डिप्लोमाही लक्षात ठेवावा. तीन वर्षांनी नोकरी करता येते, किंवा डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं.

आणि कर्ज घ्यायचंच तर
बँकांच्या शैक्षणिक कर्ज योजनेत चार लाखांपर्यंत तारण लागत नाही आणि सरकारच्या हमी योजनेखाली साडेसात लाखांपर्यंतही तारण न देता कर्ज मिळू शकतं. त्यामुळे घरातलं सोनं बँकेत नेण्याआधी मॅनेजरला हे विचारा. उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल तर शिक्षणाच्या काळातलं व्याज केंद्र सरकार भरतं, मात्र कॉलेज आणि कोर्स नियमात बसला पाहिजे. वरच्या हिशेबातले २ लाख १० हजार तिथेच वाचतात. गोव्यातल्या मुलांसाठी गोवा एज्युकेशन डेव्हलपमेंट कॉर्पोरेशनची बिनव्याजी कर्ज योजनाही आहे. खाजगी कॉलेजवाले "शंभर टक्के प्लेसमेंट" म्हणाले तर एवढंच विचारा, गेल्या वर्षी याच शाखेची किती मुलं, कुठे आणि किती पगारावर लागली? कागदावर लिहून मागा.

हे सगळं आम्ही बापलेकीसमोर मांडलं. मुलगी थोडी हिरमुसली, मग तिनेच विचारलं, "सिव्हिल केलं तरी शेवटी पाण्याचंच काम करता येईल ना?" येईल, बाय. तिने फॉर्मवर पहिलं नाव सरकारी कॉलेजातल्या सिव्हिलचं लिहिलंय. इंजिन अजून घरात आहे आणि १ ऑगस्टला ते पाण्यात उतरेल.

आपण मासेवाले पाण्यावर जगतो, पण मंडळाच्या सुनावणीत पाण्याचे आकडे दुसरेच लोक वाचून दाखवतात आणि आपण मागे उभे राहतो. आपल्यातलं एखादं पोर ते आकडे वाचायला शिकलं तर सगळ्या वाड्याचा फायदा आहे. मात्र त्यासाठी बापाची होडी जाता कामा नये.

ज्यांची मुलं यंदा बारावीला होती त्यांनी मार्कशीट आणि उत्पन्नाचा दाखला घेऊन ऑफिसात यावं. सकाळी दहा ते एक आम्ही आहोत. फॉर्म एकत्र बसून भरू.